डोरेमॉन आणि नोबिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोरेमॉन हा भविष्यातून शाळकरी नोबिताच्या मदतीला आलेला मांजर-रोबो, एका जपानी कार्टून मालिकेचा नायक. आपल्याकडे तो २००५ पासून हिंदीतून घरोघरी पोचला. तेव्हा तो बघणारी मुलं आता नोकरीला लागलीत, काहींची स्वतःची मुलं टीव्हीसमोर बसू लागलीत. मालिका सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण बहुतेकांनी ती तुकड्यातुकड्यांत पाहिलेली असते. सुरुवात चुकलेली असते आणि शेवटाबद्दल भलत्याच अफवा कानावर आलेल्या असतात. मुलं, पालक आणि जुने चाहते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

डोरेमॉन नोबिताकडे आला कसा?

पहिली गोष्ट नवीन वर्षाच्या दिवशी घडते. नोबिता खोलीत निवांत पडलेला असतो आणि कुठूनसा आवाज येतो, की हा मुलगा अर्ध्या तासात गळफास लागून लटकेल आणि चाळीस मिनिटांत भाजून निघेल. मग टेबलाचा खण उघडतो, आतून एक गोल, निळा रोबो बाहेर येतो, आणि त्याच्यामागून सेवाशी नावाचा मुलगा. सेवाशी हा नोबिताच्या पुढच्या पिढ्यांतला, त्याच्या नातवाचा नातू. भविष्यवाणी खरी ठरते, पण घात होत नाही. छपरावर अडकलेलं खेळातलं फूल (शटलकॉक) काढायला गेलेला नोबिता घसरतो आणि त्याची कॉलर झाडाच्या फांदीला अडकते. पुढे तो पाण्यात पडून भिजतो आणि शेगडीपुढे अंग शेकत बसतो. संपूर्ण मालिकेचा स्वभाव या पहिल्या काही पानांतच कळतो: संकट भयंकर वाटतं, प्रत्यक्षात फजिती होते.

सेवाशी येण्याचं कारण मात्र गंभीर आहे. मोठेपणी नोबिताच्या कंपनीला आग लागते, तीही त्याने आतच फटाके उडवल्यामुळे. कंपनी बुडते आणि कर्ज इतकं होतं, की शंभर वर्षांनंतरही घरच्यांना ते फेडावं लागतं. सेवाशीला नवीन वर्षाची ओवाळणी म्हणून फक्त ५० येन मिळतात. म्हणून तो आपल्या घरातला रोबो भूतकाळात पाठवतो: पूर्वज सुधारला, तर वंशजांचे दिवस पालटतील.

नोबिताचं लग्न शिझुकाशी झालं, तर सेवाशी जन्मालाच कसा येईल?

शिझुका ही नोबिताला आवडणारी वर्गमैत्रीण. लग्नाचा हा प्रश्न नोबिता स्वतःच पहिल्या गोष्टीत विचारतो. मूळ भविष्यात त्याचं लग्न दांडगट मित्र जियान याची बहीण जायको हिच्याशी होणार असतं. सेवाशीचं उत्तर असं: टोकियोहून ओसाकाला जायचं असेल तर आगगाडीने जा, नाहीतर विमानाने जा, दिशा बरोबर असेल तर पोचणार ओसाकालाच. शास्त्राच्या कसोटीवर हे टिकणार नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला पटेल इतकं स्वच्छ आहे, आणि लेखकाने पुढे त्यावर वेळ घालवलेला नाही.

ही कल्पना कोणाची?

हिरोशी फुजिमोतो यांची. जन्म १ डिसेंबर १९३३, जपानच्या तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावी. शाळेतला मित्र मोतोओ आबिको याच्यासोबत ते ‘फुजिको फुजिओ’ या एकाच टोपणनावाने कॉमिक्स काढत. जोडी वेगळी झाल्यावर फुजिमोतो ‘फुजिको एफ. फुजिओ’ झाले आणि आबिको ‘फुजिको फुजिओ ए’. डोरेमॉन आणि पर्मन ही फुजिमोतोंची निर्मिती.

डोरेमॉनचं कॉमिक शोगाकुकान प्रकाशनाच्या सहा बालमासिकांत जानेवारी १९७० च्या अंकांपासून एकाच वेळी सुरू झालं. ही मासिकं वयानुसार होती, बालवाडीपासून चौथीपर्यंत. म्हणून पहिली गोष्टही सहा वेगवेगळ्या प्रकारे काढलेली आहे: लहानग्यांसाठी कमी मजकूर आणि मोठी चित्रं, मोठ्यांसाठी जास्त घडामोडी. या सहाही सुरुवाती २०१९ साली ५० व्या वर्षाच्या निमित्ताने ‘खंड शून्य’ म्हणून एकत्र छापल्या गेल्या. मूळ संग्रहाचे ४५ खंड १९७४ ते १९९६ या काळात आले. फुजिमोतो २३ सप्टेंबर १९९६ रोजी वारले. त्या वेळी त्यांच्या टेबलावर पुढच्या चित्रपटाची दीर्घकथा अर्धी होती. ती सहकाऱ्यांनी पूर्ण केली.

टीव्हीवर किती मालिका आल्या? आपण पाहतो ती कोणती?

तीन. पहिली १९७३ सालची, एप्रिल ते सप्टेंबर, निप्पॉन टीव्हीवर. ती सहा महिन्यांत बंद पडली आणि आज सहसा पाहायला मिळत नाही. दुसरी २ एप्रिल १९७९ पासून टीव्ही आसाहीवर, शिन-एई स्टुडिओने केलेली. ती २००५ पर्यंत चालली, आणि डोरेमॉनला नोबुयो ओयामा यांचा भरदार, किंचित घोगरा आवाज होता. तिसरी १५ एप्रिल २००५ पासून आजतागायत चालू आहे. तेव्हा मुख्य आवाज सगळेच बदलले आणि डोरेमॉन वासाबी मिझुता यांच्याकडे आला.

भारतात आधी १९७९ ची मालिका दिसली, नंतर २००५ ची. ओळखायची सोपी खूण चित्रात आहे. जुनी मालिका बहुतांशी हाताने रंगवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवरची, त्यामुळे रंग थोडे मळकट आणि बाहेरची रेघ काळी, जाड दिसते. नवीतली रेघ नितळ, रंग उजळ. त्यातही २०१७ नंतरच्या भागांत मागची दृश्यं जलरंगासारखी दिसतात.

डोरेमॉनच्या अंगात नेमकं काय काय आहे?

जन्म ३ सप्टेंबर २११२, मात्सुशिबा रोबो कारखाना. उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, ताकद १२९.३ अश्वशक्ती. उंदीर दिसल्यावर उडी १२९.३ सेंटिमीटर आणि पळण्याचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर. हा आकडा आला त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांच्या सरासरी उंचीवरून. लेखकाला डोरेमॉन वाचकाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा हवा होता, वरून खाली बघणारा नको होता.

हाताला बोटं नाहीत, पण तळवा कुठल्याही वस्तूला चिकटतो. पाय जमिनीपासून ३ मिलिमीटर वर तरंगतात, म्हणून तो अनवाणी फिरून घरात आला तरी आई ओरडत नाही. पोटात अणुभट्टी आहे. खाल्लेल्या कशाचीही ऊर्जा होते. शेपटी म्हणजे बंद-चालूचं बटण. मिशा रडारचं काम करतात, नाक लांबचे वास घेतं, गळ्यातली घंटा मांजरं गोळा करते; मात्र हे तिन्ही भाग नादुरुस्त आहेत. कारखान्यातच त्याचा एक स्क्रू निखळला होता. गरीब कुटुंबाला परवडलेला सदोष रोबो आणि वर्गातला मागे पडलेला मुलगा, ही जोडी लेखकाने ठरवून लावलेली आहे. निर्दोष रोबोला नोबिताचं दुःख कळलं नसतं. डोरेमॉनची धाकटी बहीण डोरामी प्रत्येक बाबतीत त्याच्यापेक्षा सरस आहे, पण नोबिताकडे कायमचं राहण्यासाठी तिची निवड होत नाही.

तो निळा का? कान कुठे गेले? उंदराला इतका का घाबरतो?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच. तो आधी पिवळा होता आणि त्याला कान होते. ३० ऑगस्ट २१२२ रोजी झोपेत यंत्र-उंदराने कान कुरतडले. तेव्हापासून उंदीर म्हटलं की त्याची पाचावर धारण बसते. निळेपणाची कारणं मात्र वेगवेगळी सांगितली जातात. जुन्या उत्तरांत आरशात स्वतःला पाहून त्याचा रंगच उडाला असं आहे. १९९५ च्या जन्मकथेच्या चित्रपटात तो दुःखाचं औषध चुकून पितो, रडरड रडतो आणि त्या थरथरीने पिवळा रंग निघून जातो. आज चित्रपटाचंच कारण जास्त मानलं जातं.

बांबू-कॉप्टर आणि एनीवेअर डोअरला काही मर्यादा आहेत का?

आहेत, आणि गोष्टी त्या मर्यादांवरच उभ्या राहतात. डोक्यावर लावून उडायचा बांबू-कॉप्टर ताशी ८० किलोमीटर वेगाने सलग ८ तास चालतो, मग बॅटरी संपते. मध्ये विश्रांती दिली तर जास्त टिकतो. डायनासोरच्या चित्रपटातला लांबचा प्रवास याच हिशोबावर बेतलेला आहे. एनीवेअर डोअर, म्हणजे हव्या त्या ठिकाणी उघडणारा दरवाजा, १० प्रकाशवर्षांच्या आतच पोचवतो, आणि जिथला नकाशा त्याच्या स्मरणात नाही तिथे नाही. त्यामुळे चित्रपटांत लेखक आधी हा दरवाजा निकामी करतात: कधी मोडतो, कधी प्रदेश नकाशाबाहेरचा निघतो. दरवाजा चालू राहिला तर डोरेमॉन, नोबिता, शिझुका, जियान आणि सुनियो हे पाचही जण जेवायच्या वेळेला घरी येतील आणि चित्रपट वीस मिनिटांत आटोपेल.

गॅजेट बघून मूल आळशी होईल का?

पालकांचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर. एखादा भाग मुलासोबत शेवटपर्यंत बघा आणि घटनांचा क्रम लक्षात घ्या. नोबिताला मार पडतो किंवा शून्य मिळतं. तो रडत घरी येतो. डोरेमॉन पोटावरच्या खिशातून भविष्यातलं गॅजेट काढून देतो, बहुतेक वेळा एखाद्या अटीसह. काम होतं. मग नोबिता अट विसरतो किंवा हाव धरतो, आणि सगळं त्याच्याच अंगावर येतं. गॅजेट वापरून आयुष्य कायमचं सुधारलं असा शेवट फारच थोड्या वेळा होतो.

पाठांतराच्या ब्रेडची गोष्ट घ्या. वहीच्या पानावर ब्रेड दाबायचा, अक्षरं उमटतात, ब्रेड खाल्ला की मजकूर पाठ. नोबिता आधीच पोटभर जेवलेला असतो, त्यावर पानांमागून पानं खातो, पोट बिघडतं आणि संडासात सगळं पाठांतर निघून जातं. यातून आळसाला बक्षीस मिळतं असं म्हणता येत नाही.

याहून चांगली आहे ती दुप्पट करणाऱ्या औषधाची. नोबिताकडे एकच चेस्टनटचा मांजू, म्हणजे गोड सारण भरलेला छोटा खाऊ, उरलेला असतो. डोरेमॉन औषधाचा थेंब टाकतो: दर पाच मिनिटांनी दुप्पट. अट एकच, सगळे खाऊन संपवायचे. नोबिता खाऊन खाऊन थकतो, मित्रांना वाटतो, आणि शेवटचा एक टाकून देतो. मुलाला कागद-पेन्सिल देऊन पुढचं गणित करायला लावा. एका तासात बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४,०९६. दोन तासांत चोवीस वेळा, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. डोरेमॉन घाबरून तो ढीग बांधतो आणि रॉकेटने अवकाशात सोडून देतो. घातांक शिकवणारी इतकी चविष्ट गोष्ट दुसरी सापडणं कठीण.

आमचं मत स्पष्ट आहे: मालिका आळस शिकवत नाही, आळसाचा हिशोब दाखवते. पण मूल भाग अर्ध्यात सोडत असेल, तर त्याला फक्त गॅजेटची मजा दिसते आणि फजिती दिसत नाही. म्हणून दोन अर्धे भाग बघू देण्यापेक्षा एक पूर्ण बघू द्या. एका भागात सहसा दोन गोष्टी असतात. एक गोष्ट साधारण दहा मिनिटांची.

मग हरकत घेण्यासारखं काहीच नाही का?

आहे. जियानची दादागिरी विनोदासाठी वापरलेली असली, तरी मार पडतोच आणि मोठी माणसं क्वचित मध्ये येतात. ज्या मुलाला शाळेत असा त्रास होतोय, त्याला हे हसण्यासारखं वाटणार नाही, त्याच्याशी बोला. शिझुका आंघोळ करत असताना नोबिता तिथे पोचतो, हा जुन्या भागांतला वारंवार येणारा विनोद आजच्या नजरेला खटकतो आणि खटकायलाच हवा. दुसऱ्याच्या खोलीत विचारल्याशिवाय जायचं नाही, हे मुलांना तिथल्या तिथे सांगून टाकावं. शिझुकाला जुन्या गोष्टींत स्वतःचं काम कमी मिळतं, हेही खरं. चित्रपटांत ती जास्त खमकी आहे.

नोबिताला काहीच येत नाही का?

तीन गोष्टी येतात आणि तिन्हीत तो उस्ताद आहे. नेमबाजी, बोटांवर दोरा गुंडाळून आकृत्या करण्याचा अयातोरी हा जपानी खेळ, आणि झोप. झोप लागायला त्याला ०.९३ सेकंद लागतात. नेमबाजी चित्रपटांत खरोखर कामाला येते. याशिवाय एक गोष्ट लग्नाच्या आदल्या रात्रीच्या कथेत शिझुकाचे वडील सांगतात: दुसऱ्याच्या सुखात सुख मानणारा आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणारा माणूस आहे हा, काळजी करू नकोस. मालिका नोबिताला वर्गात पहिला कधीच करत नाही, ते हुशार वर्गमित्र देकिसुगीचं काम. पण नोबिताचं मोल कशात आहे हे तिने नीट ठरवलेलं आहे.

शेवट काय आहे? नोबिता कोमात होता, हे खरं का?

नाही. मूळ कथेला अधिकृत शेवट नाही. कोमाची गोष्ट निव्वळ अफवा आहे. दुसरी गोष्ट, डोरेमॉनची बॅटरी संपते आणि मोठा झालेला नोबिता रोबो-शास्त्रज्ञ होऊन त्याला पुन्हा चालू करतो, ही एका चाहत्याची कल्पना. २००५ मध्ये तिचं हुबेहूब शैलीतलं कॉमिक निघालं आणि खूप खपलं, तेव्हा प्रकाशकाने हरकत घेतली. ती लेखकाची नाही.

लेखकाने निरोपाच्या गोष्टी मात्र खरंच काढल्या. त्यातली सर्वांत प्रसिद्ध मार्च १९७४ ची, सहाव्या खंडात आहे. डोरेमॉनला परत जायचं असतं. त्याने निश्चिंत मनाने जावं म्हणून नोबिता जियानशी एकटा भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा पाय धरतो, पण हार मानत नाही. शेवटी जियानच कंटाळतो. सकाळी खोली रिकामी असते. पुढच्याच महिन्यात मात्र परतीची गोष्ट आली: बोललेलं सगळं उलटं घडवणारं पेय पिऊन नोबिता म्हणतो, की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. दोन्ही गोष्टी पाठोपाठ बघाव्यात. नुसती पहिली बघून लहान मूल झोपायला गेलं तर रात्र जड जाते. २०१४ च्या त्रिमितीय चित्रपटातही हेच दोन प्रसंग आहेत.

कुठून सुरुवात करावी? चित्रपट कोणता आधी?

टीव्हीच्या भागांना क्रम नाही, कुठूनही बसा. कथा शोधून बघायच्या असतील तर आजीला भेटायला नोबिता भूतकाळात जातो ती चुकवू नका. वारलेली आजी, मोठा झालेला नातू, आणि ती त्याला शंका न घेता ओळखते. मालिकेतली सर्वांत हळवी गोष्ट हीच.

चित्रपट १९८० पासून जवळजवळ दरवर्षी मार्चमध्ये येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी डायनासोरचा चित्रपट, १९८० चा किंवा २००६ चा नवा. आठ वर्षांपुढे लोखंडी सैन्याचा, १९८६ चा किंवा २०११ चा. त्यात रोबोंचं आक्रमण आहे आणि शेवट रडवणारा आहे, म्हणून त्याहून लहानांना नको. टीव्हीवर खलनायक वाटणारा जियान चित्रपटांत मित्रासाठी जीव धोक्यात घालतो. मुलं हा बदल लगेच टिपतात.

अमेरिकेत नावं वेगळी का?

तिथे २०१४ मध्ये मालिका दाखवताना नोबिताचा नोबी, शिझुकाची सू, जियानचा बिग जी आणि सुनियोचा स्नीच झाला. येनच्या जागी डॉलर आले, चॉपस्टिक्सच्या जागी काटे-चमचे. हिंदीत नावं आणि घरं जपानीच ठेवली, फक्त डोरेमॉनच्या आवडत्या दोरायाकी या मिठाईचा ‘डोरा केक’ झाला. त्यामुळे तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली, सरकता दरवाजा, घरात शिरताना चपला काढायची जागा, हे सगळं आपल्या मुलांना न शिकवता माहीत झालं. हाच निर्णय बरोबर होता.

डोरा केक घरी कसा करायचा?

ही दोन छोट्या, जाडसर गोड धिरड्यांमध्ये भरलेली शिजवलेल्या गोड कडधान्याची मिठाई आहे. खाली ६ नगांचं प्रमाण दिलं आहे.

सारण: जपानी अझुकी मिळाली तर उत्तम, नाहीतर लाल बारीक चवळी १५० ग्रॅम. रात्रभर भिजवा. एक उकळी आणून पहिलं पाणी टाकून द्या, म्हणजे उग्रपणा जातो. नवीन पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवा; दाणा बोटांत दाबल्यावर पिठूळ व्हायला हवा. मगच १२० ते १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर घोटा. साखर आधी घातली तर दाणे कडक राहतात आणि नंतर कितीही शिजवा, मऊ होत नाहीत. कढईच्या तळाला चमच्याने रेघ ओढल्यावर ती क्षणभर टिकली की गॅस बंद. गार झाल्यावर सारण आणखी आळतं, म्हणून पुरणाइतकं कोरडं होईपर्यंत थांबू नका. निम्मं सारण पुरेल. उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं.

धिरडी: २ अंडी आणि ८० ग्रॅम पिठीसाखर फिकट, फुगीर होईपर्यंत फेटा. १ मोठा चमचा मध घाला. अर्धा छोटा चमचा खायचा सोडा २ मोठे चमचे पाण्यात विरघळवून घाला. १२० ग्रॅम मैदा चाळून हलक्या हाताने मिसळा आणि २० मिनिटं झाकून ठेवा. पीठ इडलीपेक्षा थोडं सैल, पळीतून पट्टीसारखं पडणारं हवं. घट्ट वाटलं तर एखादा चमचा पाणी.

नॉनस्टिक तव्याला तेलाचं बोट लावून कागदाने पूर्ण पुसून घ्या. इथेच बहुतेकांचं बिघडतं: तेल उरलं की पृष्ठभागावर डाग पडतात आणि तो एकसारखा तपकिरी रंग येत नाही. आच मंद. पीठ थोडं वरून, एकाच जागी ओता, ते आपोआप गोल पसरतं. पळीने फिरवू नका. वर बुडबुडे फुटायला लागले की उलटा, साधारण दीड-दोन मिनिटांनी. दुसरी बाजू अर्धा मिनिट पुरे. काढून ओलसर फडक्याखाली ठेवा, नाहीतर कडा वाळतात आणि दुमडताना फुटतात. मधामुळे ती लवकर करपतात, पहिलं धिरडं आच ओळखण्यासाठीच समजा.

अंडं नको असेल तर पाव कप दही आणि साधारण १०० मिली दूध घ्या. रंग येतो, पण जाळी कमी पडते. सारणाऐवजी पुरण भरलं तरी छान लागतं, फक्त वेलची कमी ठेवा.

डोरेमॉन काढताना तो डोरेमॉनसारखा का दिसत नाही?

बहुतेक वेळा डोळ्यांमुळे. दोन उभे अंडाकार एकमेकांना टेकलेले, डोक्याच्या वरच्या भागात, आणि त्यांच्या मधल्या सांध्याखाली लाल नाक. मुलं डोळ्यांत अंतर ठेवतात आणि चेहरा लगेच परका होतो. क्रम असा ठेवा: आडवं किंचित रुंद डोकं, डोळे, नाक, नाकापासून सरळ खाली रेघ, रुंद तोंड, प्रत्येक बाजूला तीन मिशा. पांढरा भाग डोळ्यांच्या बाजूने सुरू होऊन हनुवटीपर्यंत येतो, कपाळ निळंच. धड डोक्यापेक्षा लहान. गळ्यात लाल पट्टा, पिवळी घंटा, पोटावर पांढरं वर्तुळ आणि त्यात अर्धगोल खिसा. हात म्हणजे गोळा, बोटं नाहीत. शेपटीच्या टोकाला लाल चेंडू. कान काढू नका.

जपानला गेलो तर काय बघता येईल?

कावासाकी शहरातलं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय, ३ सप्टेंबर २०११ रोजी, म्हणजे डोरेमॉनच्या वाढदिवशी सुरू झालेलं. तिकीट दारात मिळत नाही. तारीख आणि प्रवेशाची वेळ ठरवून आधीच घ्यावं लागतं, आणि सुट्ट्यांतले दिवस लवकर भरतात. मंगळवारी सहसा बंद. जवळचं मोठं स्टेशन नोबोरितो, तिथून संग्रहालयाची रंगवलेली बस सुटते. मूळ चित्रांच्या दालनात फोटो काढता येत नाहीत, वरच्या मोकळ्या जागेत एनीवेअर डोअरपाशी काढता येतात. मूळ पानं सावकाश बघा: शाईच्या रेघा, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या आणि पेन्सिलीच्या खुणा छापील पुस्तकात दिसत नाहीत.

वेळ असेल तर लेखकाचं गाव ताकाओका. तिथे डोरेमॉनच्या रंगात रंगवलेली ट्राम धावते आणि स्टेशनात डोरेमॉनची टपालपेटी आहे. जाण्याआधी ट्रामचं वेळापत्रक बघून घ्या, ती एकच गाडी आहे आणि दिवसभर सगळ्या फेऱ्यांना नसते.

मूळ कॉमिक वाचायचं असेल तर?

इंग्रजीत रंगीत आवृत्ती ई-पुस्तकांच्या रूपात आहे, आणि शोगाकुकानने जपानी-इंग्रजी द्विभाषिक खंडही काढले होते. जपानी शिकणाऱ्यांना द्विभाषिक खंड फार उपयोगी: वाक्यं छोटी, बोलीतली, आणि कांजी या चित्रलिपीतल्या अक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार. जपानी पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीपासून सुरू करून डावीकडे, मग खालची ओळ. चौकटीतले संवादाचे फुगेही उजवीकडचा आधी. सवय नसेल तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो आणि विनोद हुकतो. पहिल्या दोन गोष्टी मुलासोबत बोट फिरवत वाचा, तिसरीपासून ते एकटं वाचतं.